ग्रामसभेची वही

शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरलेली. मधोमध एक टेबल, त्यावर माइक आणि पाण्याचा जग. पुरुष पुढे बसलेले, बायका भिंतीकडेला. आणि सगळ्यांच्या मांडीवरून एक जाड वही हळूहळू पुढे सरकते आहे. प्रत्येक जण नाव लिहितो, सही करतो, पुढच्याकडे देतो. मी बसलो होतो त्या ग्रामसभेत सत्तरीच्या एका आजींनी ती वही मांडीवर घेतली, शेजारच्या मुलीकडून नाव लिहून घेतलं, अंगठा शाईच्या पॅडवर दाबून कागदावर टेकवला, पदराच्या टोकाला पुसला आणि म्हणाल्या, "झालं. आता लाइटीचं इचारा."

लाइटीचं म्हणजे त्यांच्या वस्तीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या खांबाचं. तिथे अंधार पडला की पावसाळ्यात पाय टाकायची भीती. चर्चा वीसेक मिनिटं चालली. कुणी म्हणालं, खांब आहे पण दिवा नाही. कुणी म्हणालं, दिवा गेल्या वर्षी बसवला होता, तो गेला कुठे? मग गटाराचा विषय मध्ये घुसला, मग पाइपलाइनसाठी उकरून ठेवलेल्या रस्त्याचा. शेवटी ग्रामसेवकांनी पेन उचललं आणि वहीत लिहिलं: अमुक वस्तीच्या रस्त्यावर दिवे बसवण्यास ही सभा मंजुरी देत आहे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. ठराव सर्वानुमते मंजूर.

त्या वीस मिनिटांत काय घडलं, याचा मी जितका विचार करतो तितका थक्क होतो. एका बाईच्या मनातली अंधाराची भीती तिच्या तोंडून बाहेर पडली, चार लोकांनी तिला दुजोरा दिला, आणि ती भीती एक क्रमांक, एक तारीख आणि दोन नावं घेऊन सरकारी कागद झाली. तो कागद पंचायत समितीत दाखवता येतो. त्याची नक्कल मागता येते. पुढच्या सभेत, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायची वेळ येते तेव्हा, "त्याचं काय झालं?" असं उभं राहून विचारता येतं. आपल्या देशात अशा वह्या लाखो गावांत आहेत, आणि त्यांच्यात काय ताकद आहे हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

निवडून न येता मिळणारी जागा

लोकसभेत बसायचं तर निवडून यावं लागतं. विधानसभेत, जिल्हा परिषदेत, अगदी ग्रामपंचायतीतही. ग्रामसभेचं तसं नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे २४ एप्रिल १९९३ पासून, राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ मध्ये ग्रामसभेची व्याख्या आली. ती अगदी साधी आहे: गावाच्या मतदार यादीत ज्यांची नावं आहेत, त्या सगळ्यांची मिळून ग्रामसभा. अर्ज नाही, अनामत नाही, शपथ नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली, यादीत नाव चढलं की तुम्ही त्या सभागृहाचे सदस्य, आणि यादीत नाव आहे तोवर सदस्य.

ग्रामपंचायतीची मुदत पाच वर्षांची. सरपंच येतात, जातात, कधी अविश्वास ठराव येतो, कधी प्रशासक बसतो. ग्रामसभेला मुदतच नाही. तिची माणसं बदलत राहतात: कुणी वारतं, कुणी सून होऊन गावात येते, कुणाचं नाव पुण्याच्या यादीत जातं. सभा मात्र तीच राहते, नदीचं पाणी बदलतं आणि नदी तीच राहते तशी.

महाराष्ट्रात ही सभा वर्षातून किमान चार वेळा भरावी लागते. सात दिवस आधी नोटीस निघते, दवंडी पिटली जाते. आता दवंडीच्या जोडीला गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा लहान असेल तेवढी माणसं हवीत. गावाचा वार्षिक आराखडा, झालेल्या खर्चाचा हिशेब, सरकारी योजनांच्या लाभार्थ्यांची निवड हे सगळं या सभेपुढे यावं लागतं. सभा घेण्यात कसूर केली तर सरपंचाचं पदही जाऊ शकतं.

आणि भिंतीकडेला बसलेल्या बायका? त्यांच्यासाठी कायद्याने आधीच एक वाट काढून ठेवली आहे. नेहमीच्या ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घ्यायची, आणि तिथे जे ठरेल ते मोठ्या सभेपुढे ठेवायचं. ज्या घरात सासरे पुढे बसलेले असताना सुनेचा आवाज निघत नाही, त्या घरातल्या सुनेला बोलायला एक खोली मिळावी, एवढा साधा विचार त्यामागे आहे. गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी होणारं मतदानही असंच. बायकांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर परवानाधारक दुकानसुद्धा बंद होतं. आलेल्या मतांच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या सगळ्या जणींच्या निम्म्याहून अधिक लागतात. म्हणून अशा दिवशी आजारी बाईलाही खाटेवरून उचलून आणतात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. ४ मे २०२२ रोजी त्या गावाने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या गावात होणार नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एरवी आदेश मंत्रालयातून गावाकडे येतात. इथे गावाच्या वहीतलं पान मंत्रालयापर्यंत गेलं.

नांगर, तराजू, आरसा

या वहीला एक जुनी पणजी आहे. तिचं नाव महजर. शिवकालात आणि पेशवाईत वतनाचा, शेताच्या बांधाचा किंवा गावाच्या शिवेचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसायची. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे आणि बलुतेदार एकत्र बसून साक्षी ऐकायचे, निवाडा करायचे, आणि तो निवाडा ज्या कागदावर उतरायचा तो महजर. बहुतेकांना लिहिता येत नसे. म्हणून ते आपल्या नावापुढे आपल्या कामाची निशाणी काढत. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. मराठी दप्तरखान्यांत असे कागद आजही आहेत. ते पाहताना वाटतं, आख्खं गाव आपापली हत्यारं घेऊन त्या कागदावर उभं आहे.

शिवेच्या तंट्यात महाराच्या साक्षीला मोठं वजन असे. गावाची हद्द राखणं हे त्याचंच काम, म्हणून शीव कुठून जाते हे त्याने चालून दाखवायचं. पण त्याच माणसाला गावात राहायची जागा नव्हती, त्याची वस्ती वेशीबाहेर. तो बसे तेही अंतर राखून. गोतसभेत माणूस जातीने आणि वतनाने बसे, आणि त्याची निशाणीही जातीच्या कामाचीच असे.

म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत, खेडं हा राज्यघटनेचा पाया मानायला ठाम नकार दिला. घटनेचा घटक गाव नाही, व्यक्ती आहे, ही त्यांची भूमिका होती. पुढे अनुच्छेद ४० मध्ये ग्रामपंचायतींचा उल्लेख आला, तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळाने ७३ वी दुरुस्ती झाली, तेव्हा गावाला अधिकार मिळाले, पण त्या गावाच्या सभेची व्याख्या मतदार यादीने केली. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. एकत्र बसून ठरवायची गोतसभेची रीत राहिली. बसण्याचा हक्क मात्र जातीकडून काढून प्रत्येकाच्या नावाला दिला. त्या आजींनी वहीत निशाणी काढली नाही. त्यांनी अंगठा उठवला, आणि अंगठ्याला जात नसते.

पावसाची वाटणी

आता जरा प्रत्यक्ष नियोजनाकडे येऊ. गावाने बसून नियोजन करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाने याचं उत्तर पावसाच्या थेंबात शोधलं.

हा दुष्काळी पट्टा. वर्षाचा सरासरी पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने माती अडवणं, पाणी जिरवणं, झाडं लावणं सुरू केलं. ते काम पुष्कळांना माहीत आहे. मला त्याहून जास्त मोह पडतो तो तिथल्या पाण्याच्या ताळेबंदाचा.

एक हिशेब करून पाहा. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते १०,००० लिटर पाणी होतं. हिवरे बाजारचं क्षेत्र जवळपास १,००० हेक्टर. म्हणजे एक मिलिमीटर पाऊस पडला की त्या शिवारावर साधारण एक कोटी लिटर पाणी आभाळातून उतरतं. पर्जन्यमापकातली ती बारीकशी रेघ, आणि एक कोटी लिटर! ४०० मिलिमीटर झाला तर ४०० कोटी लिटर. त्यातलं काही वाहून जातं, काही उन्हाने उडतं, काही मातीत ओल म्हणून राहतं, आणि काही खाली झिरपून विहिरींना येतं.

दर वर्षी पावसाळा सरला की गाव हा हिशेब मांडतं. पाऊस किती झाला, विहिरींची पातळी कुठे आहे, माणसांना आणि जनावरांना प्यायला वर्षभर किती लागेल. ते बाजूला काढायचं, आणि उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. चांगल्या सालात रब्बीला वाव. कमी पावसाच्या सालात जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत. शेतीसाठी बोअर मारायचं नाही, हा नियम तर कायमचाच. जमीन ज्याची त्याची, विहीर ज्याची त्याची, पण जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं, हे त्या गावाने सभेत बसून मान्य केलं आहे.

यातली अडचण शेतकऱ्याला विचारा. माझ्या विहिरीला पाणी दिसतंय, बाजारात भाव आहे, आणि तरी मी ते पीक लावायचं नाही! हे पोलिसाच्या दंडुक्याने होत नाही. आकडे फळ्यावर सगळ्यांसमोर मांडलेले असतात, आणि ठरवताना तो शेतकरी स्वतः सतरंजीवर बसलेला असतो, म्हणून होतं.

राज्यभर 'आमचं गाव, आमचा विकास' या कार्यक्रमात गावाचा आराखडा करताना शिवारफेरी घ्यायची असते, तिचंही मर्म हेच. आधी चालायचं. ओढा, बंधारा, अंगणवाडी, स्मशानाची वाट, सगळं पायाखाली घालायचं, डोळ्यांनी पाहायचं, आणि मग बसून लिहायचं.

एकाचं 'नाही' राहिलं तर

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव आहे. वस्ती पाचशेच्या आतबाहेर. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची. गावातले देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत शिकत राहिलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ती महाराष्ट्रभर पोहोचली.

मेंढ्यात बहुमताने निर्णय होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचा विरोध असेल तर त्याचं ऐकायचं, विषय पुढे ढकलायचा, पुन्हा बसायचं. हे ऐकून शहरी माणूस लगेच विचारतो: मग काम कधी होणार? मेंढ्याने त्यावर एक तोड काढली. विषय समजून घ्यायला अभ्यासगट. त्यात कुणीही बसावं, बाहेरचे जाणकार बोलवावेत, कायदा वाचावा, वाद घालावा. पण अभ्यासगटाने निर्णय घ्यायचा नाही. निर्णय फक्त ग्रामसभेचा. शिकण्याची जागा वेगळी, ठरवण्याची वेगळी. त्यामुळे सभेत येणारा माणूस विषय जाणून येतो, आणि जाणत्याची दादागिरीही चालत नाही.

या सवयीचं फळ पुढे दिसलं. वनहक्क कायदा २००६ साली आला, आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबूवर गाडी अडली. नव्या कायद्यात बांबू गौण वनोपज, म्हणजे गावाचा. १९२७ च्या वन कायद्यात तो झाडांत मोडत होता, आणि वाहतूक परवाना वनविभागाच्या हातात. गावाने बांबू तोडावा, पण रस्त्यावर आणला की तो गुन्हा! गाव अभ्यास करत राहिलं, लिहीत राहिलं, मागत राहिलं. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिलं. आपल्या जंगलातल्या बांबूचा पास आता ग्रामसभा फाडणार होती. पुढे गडचिरोलीतल्या शेकडो गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, आणि त्यांच्यापुढे मेंढ्याची वाट मळलेली होती.

बारा गावं आणि एक डोंगर

ग्रामसभेचा शब्द किती जड होऊ शकतो हे पाहायचं तर ओडिशात जावं लागेल. नियमगिरीच्या डोंगरात बॉक्साइट आहे, आणि तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींचा देव नियमराजाही त्याच डोंगरावर आहे. खाणीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने सांगितलं की या डोंगराशी लोकांचे जे धार्मिक आणि सांस्कृतिक हक्क जोडलेले आहेत, त्यांच्यावर या खाणीने घाला येतो का, हे ग्रामसभांनी ठरवावं.

राज्य सरकारने त्यासाठी बारा गावं निवडली. जुलै ते ऑगस्ट २०१३ मध्ये, भर पावसात, एकेका गावात सभा झाली, जिल्हा न्यायाधीशांच्या उपस्थितीत. काही गावं इतकी लहान की सगळे मतदार एका मांडवाखाली मावावेत. एकेक माणूस उठला, आपल्या भाषेत बोलला, आणि ते लिहून घेतलं गेलं. बाराही गावांनी नाही म्हटलं. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने खाणीला मंजुरी नाकारली.

एका पारड्यात एवढा मोठा प्रकल्प, सरकार, डोंगरभर खनिज. दुसऱ्या पारड्यात बारा पाड्यांचं बोलणं, कागदावर उतरवलेलं. आणि दुसरं पारडं खाली गेलं. हे आपल्याच देशात घडलं आहे.

रिकामी सतरंजी

मला याचीही जाणीव आहे की पुष्कळ गावांत ती सतरंजी रिकामी असते. गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते. तहकूब सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही, म्हणून दुसऱ्या वेळी दहा माणसांत गावाचं वर्ष ठरून जातं. काही ठिकाणी वहीच घरोघरी फिरते, सह्या गोळा होतात आणि सभा झाली असं धरलं जातं. वही कोरी ठेवून खाली सही घेणं म्हणजे आपला आवाज दुसऱ्याला भाड्याने देणं. यात दोष एकट्या पंचायतीचा नाही. सही करणारा हातही त्यात आहे.

आणि शहरात? मी शहरात राहतो. माझ्या प्रभागात हजारो मतदार आहेत. समोरच्या मोकळ्या जागेवर काय होणार हे विचारायला आम्हाला सतरंजीच नाही. महाराष्ट्राने क्षेत्रसभेचा कायदा २००९ साली केला, पण माझ्या गल्लीपर्यंत ती सभा पोहोचलेली मी पाहिली नाही. शहरवासीयांच्या हातात उरतं ते प्रामुख्याने एकच दार, हरकती व सूचना. तेही लहान नाही. मुंबईच्या २०१४ ते २०३४ च्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झाला, त्यावर हजारो हरकती आल्या, आणि एप्रिलमध्ये तो मागे घेऊन नव्याने करावा लागला. गोव्यात प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध लोक उभे राहिले, जानेवारी २००७ मध्ये तो रद्द झाला, आणि पुढचा आराखडा करताना मसुद्याचे नकाशे गावोगावच्या पंचायतींकडे पाठवून लोकांचं म्हणणं मागवलं गेलं. नकाशा गावात आला की म्हातारी माणसं त्यावर बोट ठेवून सांगू शकतात: इथे झर आहे, इथे पावसाळ्यात पाणी भरतं, हे खाजन, इथे बांधू नका. ते ज्ञान कोणत्याही कार्यालयात नसतं.

ज्याच्या पायाखाली चिखल आहे त्यालाच चिखल कुठे आहे ते ठाऊक, ही साधी गोष्ट राज्यघटनेत लिहून ठेवणारा आपला देश आहे. उभं राहून बोलायचा हक्क आहे, बोललेलं लिहायला वही आहे, लिहिलेलं वाचून दाखवायची सक्ती आहे. मेंढा किंवा हिवरे बाजार यांच्यापुरता वेगळा कायदा नव्हता. त्यांच्यासारख्या इतर गावांना जे मिळालं तेच त्यांना मिळालं, ते फक्त येऊन बसले, आणि पुन्हा पुन्हा येऊन बसले.

त्या आजींच्या गावी मी वर्षभराने पुन्हा गेलो. सभा नुकतीच सुरू झाली होती. ग्रामसेवक मागच्या वर्षाचे ठराव वाचत होते, पंख्याच्या आवाजात निम्मं ऐकू येत नव्हतं. लाइटीचा ठराव आला तसा भिंतीकडून आवाज आला, "जरा मोठ्यानं वाचा." ग्रामसेवकांनी पुन्हा वाचलं, मोठ्याने. दोन दिवे लागलेत, एक बाकी आहे, असं सरपंचांनी सांगितलं. "मग लिवा तसं," आजी म्हणाल्या. ग्रामसेवकांनी लिहिलं. मग वही फिरत त्यांच्यापर्यंत आली आणि त्यांनी शाईचं पॅड मागितलं.